आग्नेयेकडे एकसष्ट अंश

सोलापूर शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७.६६ अंश अक्षांशावर आणि ७५.९१ अंश पूर्व रेखांशावर वसलेले आहे, आणि शहरातल्या गच्चीवर, पत्र्यावर किंवा माळवदावर बसवलेल्या दूरचित्रवाणीच्या डिशचे तोंड कोणीकडे असावे हे या दोन आकड्यांवरून ठरते. घरोघरी थेट प्रक्षेपण पोहोचवणारे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या परिवलनाशी जुळणाऱ्या गतीने फिरतात. त्यामुळे जमिनीवरून ते आकाशात एकाच जागी खिळल्यासारखे भासतात, म्हणून या कक्षेला भूस्थिर कक्षा म्हणतात. दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ या विनाशुल्क सेवेसाठी वापरला जाणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सोलापुरातून त्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेल्यावर येणारा दिशेचा कोन, सुमारे १३४ अंश येतो, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय दिशा. आणि उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासून वर मोजलेला कोन, सुमारे ६१ अंश भरतो. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला असल्याने त्यांच्यासाठी हेच आकडे १५८ आणि ६८ होतात, तर एअरटेलच्या १०८.२ अंशांवरील उपग्रहासाठी ११६ आणि ४८. एकाच गल्लीतल्या तीन डिश तीन दिशांना वळलेल्या दिसतात त्याचे कारण हे आहे.

डिश लावण्याचे काम म्हणूनच मुळात कोन मोजण्याचे काम आहे, आणि कोन मोजणे हे कोणालाही पद्धतशीर शिकवता येते. तरीही या कामाचे शिक्षण आजवर बहुतांशी वस्तादाच्या हाताखाली पाने-पक्कड देता देता, नाहीतर एखाद्या कंपनीच्या अल्पकालीन वर्गात झाले आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेत निदान तक्रार नोंदवायला कंपनी असते. फ्री डिशला मासिक वर्गणी नाही आणि घरी येणारा कंपनीचा माणूसही नाही, छत्री आणि बॉक्स बाजारातून एकदाच विकत घ्यायचे आणि दुकानदार पाठवील त्या मेकॅनिककडून बसवून घ्यायचे. दरमहाचा खर्च न परवडणाऱ्या घरांचे दूरचित्रवाणी पाहणे अशा रीतीने त्या एका मेकॅनिकच्या कौशल्यावर अवलंबून राहते, आणि त्याच्या प्रशिक्षणाचा विचार गांभीर्याने व्हायला हवा तो यासाठी.

या भागाला उपग्रह दूरचित्रवाणीचा शेजार मात्र फार जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग भारतात झाला, तेव्हा अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण कर्नाटकातील निवडलेल्या जिल्ह्यांत विजापूर आणि गुलबर्गा होते, म्हणजे सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडताच ती खेडी सुरू होत होती. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. खेड्यांत उभारलेल्या डिश सुमारे तीन मीटर व्यासाच्या आणि जाळीच्या होत्या, व एटीएस-६ त्या काळात ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून ठेवलेला असल्यामुळे त्यांची तोंडे आजच्या उलट पश्चिमेकडे होती. आकाराने त्या अजस्र असल्या तरी नेमकेपणाच्या बाबतीत आजच्या लहान डिशपेक्षा अधिक क्षमाशील होत्या, हे पुष्कळांना खरे वाटणार नाही. डिश आकाशाचा किती रुंद पट्टा ‘पाहते’ हे तिचा व्यास आणि लहरींची लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरते. ‘साइट’च्या ८६० मेगाहर्ट्‌झच्या लहरी सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीच्या असल्याने तीन मीटरच्या डिशचा पट्टा आठ अंशांच्या आसपास होता, तर आजच्या केयू पट्ट्यातील अडीच सेंटिमीटरच्या लहरींसाठी ६० सेंटिमीटरच्या डिशचा पट्टा जेमतेम तीन अंश असतो.

मधल्या काळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९१ नंतर केबलचालकांनी मोठ्या डिश उभारल्या, पण त्या त्यांच्याच ताब्यात राहिल्या. १९९७ मध्ये सरकारने घरोघरच्या थेट उपग्रह सेवेवर घातलेली बंदी नोव्हेंबर २००० मध्ये उठली, २००३ मध्ये डिश टीव्ही आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा सुरू झाली, आणि तिचेच नाव पुढे फ्री डिश झाले. सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख ३१ मार्च २०१३ ही आहे, कारण केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूरचा समावेश होता आणि सेट टॉप बॉक्स घ्यायचाच तर केबलचा की छत्रीचा, असा प्रश्न तेव्हा घरोघर उभा राहिला.

प्रशिक्षणार्थ्याचा पहिला गोंधळ डिशच्या आकारानेच होतो. उपग्रह ६१ अंश उंचीवर आहे असे सांगितल्यावर तो डिश आकाशाकडे उताणी करू लागतो, कारण ताटलीचे तोंड ज्या दिशेला तिकडूनच लहरी येतात असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात घरगुती डिश म्हणजे एका मोठ्या अन्वस्ताकार पृष्ठभागाचा एका बाजूने कापून घेतलेला तुकडा असतो. लहरी एकत्र येतात तो बिंदू त्यामुळे ताटलीच्या मधोमध समोर न राहता खालच्या बाजूला सरकतो, आणि तिथे पट्टीच्या टोकाला बसवलेल्या ग्राहकाची, म्हणजे एलएनबीची, सावली डिशवर पडत नाही. या रचनेमुळे डिश जिथे पाहते आणि जिथे पाहत असल्यासारखी दिसते यांत साधारण वीस ते पंचवीस अंशांचा फरक राहतो, म्हणून सोलापुरात फ्री डिशची नीट लावलेली छत्री चाळीस अंशांच्या आसपासच वर पाहताना दिसते. मागच्या पकडीवर कोरलेल्या अंशांच्या खुणांत हा फरक आधीच धरलेला असतो. ज्याला हे ठाऊक असते तो खुणांवर विश्वास ठेवतो, आणि ज्याला ठाऊक नसते तो अंदाजाने डिश हलवत बसतो.

दिगंश आणि उन्नतांश यांच्याबरोबर तिसराही एक कोन असतो आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी ठरावीक प्रतलात कंप पावतात, याला ध्रुवण म्हणतात. आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रतलांत वेगवेगळे कार्यक्रम पाठवून एकच वारंवारता दोनदा वापरता येते. पण उपग्रह वेगळ्या रेखांशावर उभा असल्याने त्याच्या दृष्टीने जे उभे ते सोलापूरच्या गच्चीवर तिरपे पडते, आणि भूमितीनुसार हा तिरपेपणा ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी सुमारे ४३ अंश, तर ८३ अंशांच्या उपग्रहासाठी सुमारे २१ अंश येतो. एलएनबी आपल्या पकडीत तेवढी फिरवून बसवावी लागते. ती सरळ ठेवली तर पहिल्या उपग्रहाच्या आडव्या आणि उभ्या लहरी जवळपास निम्म्या-निम्म्या मिसळू लागतात, आणि डिश कितीही काटेकोर फिरवली तरी हा दोष जात नाही.

कोनांचा हिशोब बरोबर येण्यासाठी आधी खांब ओळंब्यात असावा लागतो. खांब कलता असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिचा उन्नतांशही बदलत जातो, दोन कोन एकमेकांत गुंततात, आणि पकडीवरच्या खुणांना काही अर्थ उरत नाही. गवंड्याचा ओळंबा किंवा पाणसळ ही साधने म्हणूनच मीटरच्या आधी हातात यायला हवीत. सोलापुरात हे काम प्रत्येक छपरावर वेगळे होते. जुन्या माळवदाच्या मातीत बोल्ट धरत नाही, तेव्हा आधार दगडी भिंतीचा घ्यावा लागतो. पत्रा वाऱ्याने थरथरतो, त्यामुळे डिश पत्र्याला न बांधता भिंतीला किंवा खालच्या लोखंडी सांगाड्याला जखडावी लागते. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे, किंवा त्याच परिसरात जानेवारी २०२४ मध्ये ज्यांतील पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले ते रे नगर, अशा वसाहतींत स्लॅब पक्का मिळतो. पण तिथे भोके पाडल्यावर ती नीट बुजवली नाहीत तर पावसाळ्यात खालच्या खोलीत पाणी झिरपते, आणि ते निस्तरण्याचा खर्च डिशच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. उपग्रह उंचावर असण्याचा एक फायदा मात्र या शहराला मिळतो: डिशपेक्षा सहा फूट उंच असलेली पाण्याची टाकी फ्री डिशच्या आड येऊ नये म्हणून ती साडेतीन फुटांवर असली तरी पुरते, एअरटेलसाठी मात्र साडेपाच फूट लागतात.

दिशा शोधायला होकायंत्र वापरले जाते, हल्ली बहुधा मोबाइलमधले, आणि लोखंडी खांबाजवळ किंवा पत्र्यावर ते हमखास फसवते. खांबापासून चार पावले दूर जाऊन दिशा घ्यावी, त्या दिशेची एखादी दूरची खूण डोळ्यांनी धरावी आणि मग डिशकडे परतावे, हा पाठ वर्गात देणे सोपे आहे, आणि स्थानिक भूगोलाने तो अधिक पक्का होतो. सोलापूरपासून अक्कलकोट ज्या दिशेला आहे तीच जवळजवळ एअरटेलच्या उपग्रहाची दिशा. फ्री डिशसाठी तिथून दक्षिणेकडे थोडे सरकून अफझलपूरच्या अंगाला वळावे लागते.

यानंतर मीटर येतो. सॅट फाइंडरवर किंवा बॉक्सच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीचा आणि दुसरा गुणवत्तेचा. ताकदीचा आकडा एलएनबीकडून येणारी एकूण ऊर्जा सांगतो, मग ती कोणत्याही उपग्रहाची असो; गुणवत्तेचा आकडा हव्या त्या वाहिनीसमूहातील माहिती कितपत बिनचूक वाचता येते ते सांगतो. ९३.५ अंशांच्या शेजारी ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह आहे, अंतर दीड अंश आणि डिशचा पट्टा तीन अंशांचा. त्यामुळे ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य अशी अवस्था आली तर डिश शेजाऱ्याकडे पाहत असल्याची शंका प्रथम घ्यावी. चित्र उमटले की काम संपले असे समजणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. डिजिटल चित्र हळूहळू फिके होत नाही, ते शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम चौकडे पडून गोठते. म्हणून चांगल्या चित्रावरून डिश नेमकी लागली की काठावर लागली हे कळत नाही. एका अंशाच्या चुकीने सुमारे पाव शक्ती आणि दोन अंशांच्या चुकीने सुमारे सत्तर टक्के शक्ती वाया जाते. डिश दोन्ही बाजूंना गुणवत्ता घसरेपर्यंत सावकाश फिरवून त्या दोन बिंदूंच्या मध्यावर आणणे, बोल्ट आलटून पालटून आवळणे आणि आवळल्यावर पुन्हा मोजणे, याला दहा मिनिटे जास्त लागतात. दर जोडणीमागे ठरावीक रक्कम मिळणाऱ्या तंत्रज्ञाकडून नेमकी हीच दहा मिनिटे वाचवली जातात, आणि त्याचा दोष एकट्या त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

वाचवलेल्या मिनिटांची परीक्षा सप्टेंबरात होते. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण असला तरी पावसाचा मोठा वाटा त्या महिन्यात पडतो, आणि जोराच्या सरीतले थेंब अडीच सेंटिमीटरच्या लहरी शोषतात व विखुरतात. नेमक्या लावलेल्या डिशजवळ हा तोटा सोसण्याइतकी शिल्लक असते, काठावर लावलेल्या डिशजवळ नसते. वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्यात तर सैल बोल्टांची डिश शिडासारखी फिरते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी आणखी एक व्यत्यय येतो, ज्यात तंत्रज्ञाचा काही दोष नसतो: सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ लहरींत सिग्नल काही मिनिटे बुडून जातो. सोलापुरात फ्री डिशसाठी ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास येते. जाणत्या शिक्षकाला त्या दिवसांचा उपयोग करून घेता येईल, कारण त्या वेळी गच्चीवर जिथे ऊन पडलेले असते तिथून उपग्रहाकडे जाणारी वाट मोकळी आहे, आणि जिथे टाकीची किंवा झाडाची सावली असते तिथे डिश बसवून उपयोग नाही, हे वेगळे गणित न करता दाखवता येते.

केबलचे काम किरकोळ समजले जाते, पण नंतरच्या तक्रारी पुष्कळदा तिथूनच निघतात. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पुरवतो आणि १३ किंवा १८ व्होल्ट यांपैकी कोणता दाब दिला यावरून उभे की आडवे ध्रुवण हवे ते कळवतो. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला तरी हा पुरवठा तुटतो. एलएनबीजवळ केबलला खाली झुकणारे वळण दिले नाही तर पावसाचे पाणी थेट जोडात उतरते.

या सगळ्याचे शिक्षण कागदावर उपलब्ध आहे. इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल्स कौन्सिल ऑफ इंडियाने डीटीएच सेट टॉप बॉक्स बसवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा व्यवसाय या कामाला सर्वांत जवळचा आहे. कंपन्यांचे वर्ग मात्र एका कंपनीचा बॉक्स, एक उपग्रह आणि मोबाइलवरचा बाण एवढ्यावर थांबतात. सोलापुरासारख्या शहरात ते अपुरे पडते, कारण पूर्व भागातल्या तेलुगू भाषकांना, अक्कलकोटकडच्या कन्नड भाषकांना आणि मराठी घरांना हव्या असलेल्या वाहिन्या वेगवेगळ्या, म्हणून सेवाही वेगवेगळ्या असतात, आणि एकाच मेकॅनिकला एका दिवसात तीन उपग्रह शोधावे लागू शकतात. उंचीवरच्या कामाची सुरक्षितता तर बहुतेक ठिकाणी तोंडी सूचनेपुरतीच उरते: कठडा नसलेल्या गच्चीवर कमरेला दोर, सिमेंटच्या पत्र्यावर पाय टाकण्याआधी आडवी फळी, घरावरून गेलेल्या विजेच्या तारांपासून लोखंडी खांबाचे अंतर, आणि ढग गडगडू लागले की खाली उतरणे, हे विषय कनेक्टरइतक्याच तपशिलाने आणि प्रत्यक्ष छपरावर शिकवायला हवेत.

पैसे भरून घेण्याच्या डीटीएच जोडण्या गेल्या काही वर्षांत घटत आहेत, तेव्हा हे शिक्षण आता कशाला, असे विचारले जाईल. फ्री डिशचा पसारा त्याच काळात वाढला आहे, आणि खांब ओळंब्यात लावणे, कोन वाचणे व केबल बिनचूक जोडणे ही कामे बिनतारी इंटरनेटच्या अँटेनाला, खेड्यातल्या बँकेच्या उपग्रह जोडणीला, सीसीटीव्हीला व गच्चीवरच्या सौर पॅनेललाही लागतात. परीक्षेची पद्धत मात्र बदलायला हवी. प्रशिक्षणार्थ्याला मोबाइल बाजूला ठेवायला सांगावे, हातात ओळंबा, साधे होकायंत्र, पाना आणि मीटर द्यावे, ८३ अंशांकडे लावलेली डिश ९३.५ अंशांकडे वळवायला सांगावी, आणि गुण देताना पडद्यावरचे चित्र न पाहता बोल्ट आवळल्यानंतरची गुणवत्ता, एलएनबीचा तिरपेपणा आणि केबलचे वळण तपासावे.