इफ्तारीनेही न भागणारी तहान

रोजेदाराला तहान खरी जाणवते ती असरच्या नमाजनंतर. जीभ कोरडी पडते, बोलणे कमी होते, नजर घड्याळाकडे जाते. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात टाकला, दोन पेले पाणी पोटात गेले की दिवसभराची तहान पाच मिनिटांत विसरायला होते.

काहींची तहान मात्र अशी भागत नाही. रात्री तांब्या उशाशी लागतो. चार-चारदा लघवीला उठायचे आणि परत घटाघटा पाणी प्यायचे. घरच्यांना वाटते, साखर झाली. रक्त तपासले तर साखर अगदी व्यवस्थित! या तहानेच्या अनेक कारणांपैकी एक आहे क्वचित आढळणारा, रक्तपेशींचा आजार. त्याचे नाव लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. डॉक्टर थोडक्यात एलसीएच म्हणतात. तो मुख्यतः मुलांचा आजार. वर्षाला दर दहा लाख मुलांमागे साधारण ४ ते ९ जणांना होतो. मोठ्यांत त्याहून कमी, पण होतो.

हाडांच्या आतल्या मगजात आपले रक्त तयार होते. तिथल्या पांढऱ्या पेशींच्या कुळात काही पेशी पहारेकऱ्याचे काम करतात. बाहेरून आलेला जंतू ओळखायचा आणि बाकीच्या फौजेला वर्दी द्यायची. एलसीएचमध्ये या कुळातली एखादी पेशी घडतानाच बिघडते. तशाच पेशी वाढत जातात, कुठेतरी घोळका करून बसतात आणि भोवतीच्या भागाला सूज आणतात. कुठे बसतील याचा नेम नाही, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. कवटीच्या हाडात बसल्या तर डोक्याला मऊ टेंगूळ येते आणि एक्स-रेमध्ये पंचिंग मशीनने पाडल्यासारखे गोल भोक दिसते. त्वचेत बसल्या तर बाळाच्या टाळूवर खपल्या धरतात. आपण तेल लावत राहतो. कानाजवळच्या हाडात बसल्या तर महिनोन्महिने कान वाहतो. यकृत, प्लीहा किंवा खुद्द मगज सापडला, तर मामला गंभीर. दोन वर्षांखालच्या मुलांत हे अधिक घडते.

टाळू, कान, हाड, तहान यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? डॉक्टरांच्याही यायला बरीच वर्षे गेली. या आजाराची वेगवेगळी रूपे वेगवेगळ्या नावांनी ओळखली जात. १९५३ मध्ये लिक्टेनस्टाइन या डॉक्टरांनी ती एका छत्राखाली आणली आणि नाव ठेवले ‘हिस्टिओसायटोसिस एक्स’. गणितातला एक्स, म्हणजे कारण ठाऊक नाही! आजच्या नावातले पॉल लँगरहान्स १८६८ मध्ये बर्लिनमध्ये विद्यार्थी होते. विशीतल्या या मुलाने त्वचेतल्या फांद्या फुटलेल्या पेशी शोधल्या आणि त्यांना मज्जातंतूंच्या पेशी समजला. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली पेशींची बेटे दाखवली. इन्सुलिन तिथेच बनते. पुढे क्षयाने त्याला गाठले आणि चाळिशीत तो गेला. गंमत अशी की, एलसीएचच्या पेशी त्वचेतून नव्हे, मगजातून येतात, असे आता मानले जाते. २०१० मध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच बिघाड सापडला. तो सहसा जन्मानंतर त्या पेशींपुरताच झालेला असतो. त्यामुळे हा आजार आईवडिलांकडून येत नाही, आणि शिवल्याने तर नाहीच.

आता तहानेकडे येऊ. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. शरीरातले पाणी राखून ठेवा, असा निरोप मूत्रपिंडाला देणारे संप्रेरक तिथून सुटते. एलसीएचच्या पेशी तिथे जाऊन बसल्या की हा निरोप बंद होतो आणि पाणी लघवीवाटे वाहून जाते, दिवसाला कित्येक लिटर. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. नावात डायबेटिस असला तरी साखरेशी संबंध नाही.

हा आजार ओळखण्यासाठी रुग्णाला काही तास पाणी न देता ठेवण्याची एक तपासणी आहे. ती इस्पितळात, तासातासाला वजन आणि लघवी तपासत करतात, कारण शरीर झपाट्याने कोरडे पडू शकते. अशा माणसाने घरी रोजा धरणे म्हणजे डॉक्टरांशिवाय केलेली तीच तपासणी, तीही तेरा-चौदा तासांची! सूरह बकरात जिथे रोजे फर्ज झाले, तिथेच आजारी माणसाला ते नंतर कधी पूर्ण करण्याची सवलत आहे. बरे होण्याची आशाच नसेल, तर फिदया म्हणून रोज एका गरजूला जेवू घालायचे. तरीही ‘आज रोजा नाही का?’ असे विचारणारे प्रत्येक गल्लीत भेटतातच. ज्याला विचारले जाते, तो बिचारा ओशाळून पाण्याची बाटली पिशवीत लपवतो.

डेस्मोप्रेसिन नावाचे औषध हा हरवलेला निरोप परत देते. गोळी नियमित असेल तर तहान आटोक्यात राहते. मात्र गोळीचा असर असताना सवयीने भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातले मीठ घसरते. झटकेही येऊ शकतात. रमजानमध्ये गोळीच्या वेळा मनाने बदलू नयेत, ते यासाठी.

मूळ आजाराचे निदान गाठीचा तुकडा तपासून होते. एकाच हाडापुरता असेल तर कधी आपोआप, कधी छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो. अनेक अवयवांत पसरला असेल तर व्हिनब्लास्टिनची इंजेक्शने आणि प्रेडनिसोलोन, साधारण वर्षभर. बीआरएएफला अडवणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत, पण त्या थांबवल्या की अनेकांत आजार परततो. मोठ्या माणसांत तो फुफ्फुसात आढळला तर रुग्ण बहुधा सिगारेट ओढणारा असतो, आणि काहींना ती सोडल्यावर बाकी औषध लागतही नाही.

तहानेचा हा त्रास हाडातली गाठ बरी झाल्यानंतर कित्येक वर्षांनीही सुरू होऊ शकतो. लहानपणी कवटीची गाठ काढली असेल आणि आज तांब्या उशाशी लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ते जुने कागद सोबत न्यावेत.