‘रीइंडेक्स मारा, झालं’: एका गैरसमजाची रुजवात

सोलापुरात नवी पेठेतील कापडाच्या आणि तयार कपड्यांच्या दुकानांचे हिशेबी दप्तर संगणकावर गेल्याला आता पुष्कळ वर्षे लोटली, तथापि बिल काढताना एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते सापडेनासे झाले, किंवा कालच लिहिलेली नोंद ‘अस्तित्वात नाही’ असे यंत्र सांगू लागले, की गल्ल्यावरील मालकापासून संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलापर्यंत सर्वांच्या तोंडी येणारे वाक्य मात्र तसूभरही बदललेले नाही: “लाईट गेली होती, इंडेक्स उडाला, रीइंडेक्स मारा, झालं.” हाच इलाज पुढच्या महिन्यात, आणि त्याच्याही पुढच्या महिन्यात पुन्हा करावा लागतो, तरीही मूळ निदानच चुकले असावे अशी शंका कोणासही शिवू नये, हे चमत्कारिक आहे.

रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने लिहिलेले असतात आणि खतावणीत तेच खातेवार लावलेले असतात. डेटाबेसचे टेबल ही रोजकीर्द मानली, तर इंडेक्स ही तिची खतावणी होय. दोहोंचा मेळ बसेनासा झाला, तर जाणता मुनीम नवी खतावणी लिहावयास बसण्यापूर्वी फरक कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या पानावर पडला, हे शोधीत असे. आपण नेमके उलट करतो: जुनी खतावणी फाडतो, नवी लिहितो, आणि फरकाचा एकमेव पुरावा स्वहस्ते नष्ट करून निश्चिंत होतो.

हा समज निराधार जन्मला असे मात्र नाही. फॉक्सप्रोच्या अमदानीत तो बव्हंशी खराच होता. अर्धवट राहिलेले लेखन वीज परत आल्यावर पुरे करण्यासाठी स्वतंत्र लॉग राखण्याची तजवीज त्यात नव्हती. त्यामुळे भारनियमनाच्या काळात इंडेक्सची सीडीएक्स फाइल बिघडणे ही मामुली गोष्ट होती. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएलमधील इनोडीबी यांची रचनाच निराळी आहे. कोणताही बदल तेथे प्रथम लॉगमध्ये नोंदला जातो आणि मगच मूळ पानावर उतरतो. मध्येच वीज गेली, तर यंत्रणा पुन्हा सुरू होताना लॉग वाचून अपुरे काम पुरे करते अथवा मागे घेते. म्हणजे निव्वळ वीज गेल्याने यांचा इंडेक्स बिघडता कामा नये. तो बिघडत असेल, तर ‘लिहिले’ असा खोटा दाखला खालून कोणीतरी देत आहे, असेच समजावे.

असा दाखला देणारी पहिली संशयित म्हणजे डिस्क. अनेक स्वस्त डिस्क मजकूर आपल्या अस्थायी स्मृतीत ठेवतात आणि तो पक्का झाल्याचे कळवून मोकळ्या होतात. खुद्द लिनक्सचेही वर्तन या बाबतीत निर्दोष नव्हते: लेखन एकदा फसल्यानंतर ‘ते पक्के झाले का’ अशी विचारणा पुन्हा केली असता ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळू शकते, हे पोस्टग्रेसच्या विकासकांच्या २०१८ साली ध्यानात आले, आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून अशा प्रसंगी सर्व्हरने पुढे न रेटता तत्काळ थांबावे असा बदल त्यांनी केला. ज्यांना हे सारे अतिशयोक्त वाटेल, त्यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेला, १५ लाखांहून अधिक डिस्कांवर ४१ महिने केलेला अभ्यास पाहावा: चेकसम न जुळल्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग त्यात आढळले आणि एकाच डिस्कवरील असे दोष परस्परांपासून स्वतंत्र नसतात, हेही दिसून आले. एकदा चुकलेली डिस्क पुन्हा चुकण्याचा संभव अधिक. आणि आपण मात्र नवा इंडेक्स त्याच डिस्कवर बांधतो!

दुसरी संशयित म्हणजे मेमरी. गूगलच्या सर्व्हरांवर आधारलेल्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी-मॉड्यूलांत दोष नोंदले गेले. ते पकडणारी ईसीसी मेमरी त्या सर्व्हरांत होती. दुकानातल्या साध्या संगणकात ती बहुधा नसते.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, पण युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसलेला आहे. म्हणून ‘कावळे’ आणि ‘काळे’ यांत आधी कोण, याचे उत्तर कोणता क्रम मानला यावर अवलंबून राहते. इंडेक्स एका क्रमाने बांधला आणि शोध दुसऱ्या क्रमाने घेतला, तर नोंद जागेवर असूनही हाती लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी या लिनक्सवरील मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करणाऱ्या असंख्य पोस्टग्रेसधारकांचे मजकुराचे इंडेक्स, एकही डिस्क न बिघडता, निकामी झाले. केवळ नावांचे इंडेक्स बिघडून आकड्यांचे शाबूत असतील, तर संशयाची सुई येथेच वळवावी.

तेव्हा प्रथम बिघडलेल्या फाइलींची जशीच्या तशी नक्कल करून ठेवावी. मग संपूर्ण डेटाबेसची तपासणी करावी, एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीबीसीसी चेकडीबीने आणि पोस्टग्रेसमध्ये अ‍ॅमचेकने. दर वेळी तोच इंडेक्स बिघडतो की निरनिराळे, हा प्रश्न निर्णायक आहे: तोच असेल तर सॉफ्टवेअरचा दोष किंवा अक्षरक्रम पाहावा, निरनिराळे असतील तर मेमरी, डिस्क व कंट्रोलर. एसक्यूएल सर्व्हर वाचन फसल्यास पुन्हा प्रयत्न करतो, आणि ते साधले तरी ८२५ क्रमांकाची नोंद एरर लॉगमध्ये करतो. ही पूर्वसूचना कोणी वाचीत नाही.

रीइंडेक्स स्वतःही निरपवाद नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ऑनलाइन पुनर्बांधणी जुन्या इंडेक्सवरूनच होते, त्यामुळे दोष नव्यात उतरतो. तो इंडेक्स काढून टाकून नव्याने बांधणे हाच खात्रीचा मार्ग. पोस्टग्रेस १४ मध्ये तर, जून २०२२ च्या १४.४ आवृत्तीपर्यंत, ‘कॉन्करंटली’ केलेले रीइंडेक्सच इंडेक्स बिघडवू शकत होते!

किरकोळ गैरसमज थोडक्यात. विस्कळीत इंडेक्स म्हणजे बिघडलेला इंडेक्स नव्हे. तो मंद असतो, असत्य नसतो. यूपीएस विजेची हमी देतो, मेमरीची नव्हे. आरशासारखी दुसरी डिस्क जोडली, तर मेमरीत आधीच बिघडलेले पान दोन्हींवर सारख्याच निष्ठेने उतरते. रोजचा बॅकअप घेतला जातो म्हणून सर्व आलबेल, हेही खरे नाही. पोस्टग्रेसचा पीजीडंप टेबलातील ओळी वाचतो, आणि आपण बांधलेला इंडेक्स बिघडला असला तरी बहुधा तक्रार न करता पुरा होतो.

‘इंडेक्स गेला तरी मूळ नोंदी सुरक्षित’ हा समज मात्र एका ओळीत सोडता येत नाही. इनोडीबीत, तसेच एसक्यूएल सर्व्हरच्या क्लस्टर्ड इंडेक्समध्ये, नोंदी इंडेक्सच्याच पानांत राहतात. तो गेला म्हणजे नोंदीच गेल्या. शिवाय युनिक इंडेक्स बिघडला, की आधीची नोंद त्याला दिसत नाही आणि एकाच क्रमांकाची दोन बिले निमूट दप्तरी दाखल होतात. पुढे रीइंडेक्सची आज्ञा दिली, की ती याच कारणास्तव नाकारली जाते. अशा वेळी दोहोंपैकी कोणते बिल खरे, हे कोणतीही आज्ञा सांगू शकत नाही. त्यासाठी छापील बिलांच्या फायली काढून एकेक क्रमांक ताडून पाहावा लागतो.