रोजा, साखर आणि उशिराचे मातृत्व

रमजानच्या संध्याकाळी करी रोड स्थानकातून माणसे घाईने बाहेर पडतात. मगरीबच्या अजानआधी घर गाठायचे असते. घरी खजूर, फळे, भजी आणि शरबत मांडून ठेवलेले असते. त्याच दस्तरखानावर पस्तिशी ओलांडलेली, पहिलटकरीण असलेली आणि तपासणीत साखर वाढलेली निघालेली एखादी सून बसलेली असेल, तर तिच्या मनात एकच घोर असतो. रोजा ठेवावा की सोडावा? आणि सोडला तर घरचे काय म्हणतील?

शिक्षण, नोकरी, घराची जुळवाजुळव यांत आज अनेक घरांत लग्न आणि मूल लांबते. दुसरीकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. उशिराचे मातृत्व आणि मधुमेह आता एकाच घरात भेटू लागले आहेत.

पस्तिशीनंतर गरोदरपणात साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. आईला आधीपासून मधुमेह असेल, तर अधिक सावध राहावे लागते. पहिल्या सात-आठ आठवड्यांतच बाळाचे हृदय, मेंदू आणि मणका घडत असतात. त्या काळात साखर हाताबाहेर असेल तर व्यंगाचा धोका असतो आणि पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते. म्हणून मूल हवे असे ठरले, की आधी साखर आटोक्यात आणावी, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घ्यावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक ॲसिड सुरू करावे. गरोदरपणात डोळ्यांचा जुना त्रास बळावू शकतो.

ज्यांना पूर्वी मधुमेह नव्हता, त्यांचीही साखर गरोदरपणात वाढू शकते. ही जादा साखर नाळेतून बाळाकडे जाते. बाळ प्रमाणाबाहेर वाढते, बाळंतपण अडते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार लागतात. नाव नोंदवताना एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा ही तपासणी करावी. करी रोडच्या शेजारी परळला १९२६ पासून गिरणगावाची बाळंतपणे करणारे वाडिया प्रसूतिगृह आणि त्याच वर्षीचे केईएम रुग्णालय आहे.

आता रोजाचे. २००१ साली १३ देशांत झालेल्या पाहणीत, टाइप-२ मधुमेह असलेल्यांमध्ये साखर धोकादायकपणे उतरण्याचे प्रकार रमजानमध्ये इतर महिन्यांच्या साडेसात पट आढळले. गरोदर बाईवर इन्सुलिन सुरू असेल, तर दिवसभर पाण्यावाचून राहण्याची किंमत दोन जिवांना मोजावी लागते. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे.

धर्माने ही वाट आधीच मोकळी ठेवली आहे. सूरह अल-बकरामध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला राहिलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे आणि अल्लाहला बंद्यांसाठी सोपेपणा हवा आहे, असे तिथेच सांगितले आहे. हदीसमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही सवलत आहे. सवलत घेणाऱ्या बाईचा ईमान कमी होत नाही.

अडचण बहुधा घरात असते. हरतालिकेचा निर्जळी उपवास करणारी गरोदर शेजारीण आणि लपून रोजा ठेवणारी सून, दोघींना एकच भीती असते : चार माणसांत नाव ठेवले जाईल. ही भीती घालवणे सासू, नवरा आणि जाऊ यांच्या हाती आहे. सहरीला उठवताना सासूने एवढेच म्हणावे, ‘बेटी, तू झोप. तुझे रोजे बाळ आल्यावर सावकाश पूर्ण कर.’ रमजान सब्र शिकवतो. घरच्यांचा सब्र इथेच कामी येतो.