‘आमचे मिस्टर’ आणि त्यांच्या ‘मिसेस’

‘आमचे मिस्टर घरी नाहीत,’ हे वाक्य मराठी घरात सहज खपतं. औपचारिक इंग्रजीत मात्र मिस्टर म्हणजे नवरा नव्हे. ते आडनावाआधी लावायचं बिरुद. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या जुन्या रिवाजात आपल्याला ते सोयीचं पडलं, इतकंच.

‘सर’चंही तसंच. आपण ‘कुलकर्णी सर’ म्हणतो. इंग्रजांच्या किताबातला सर मात्र पहिल्या नावाला चिकटतो. आपल्या लखनौत पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये संगीताचं कॉलेज निघालं. त्याला नाव मिळालं तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचं. त्यांना ‘सर विल्यम’ म्हणायचं. ‘सर मॅरिस’ म्हटलं तर चूक. आता ती संस्था भातखंड्यांच्याच नावाने ओळखली जाते.

खरी गफलत ‘मिसेस’पाशी होते. तुम्हीही ‘सौ.’चं भाषांतर मिसेस असं करत असाल. पण सौ. म्हणजे सौभाग्यवती, पती हयात असेपर्यंतच. पती गेला की पत्रावर तिच्या जागी गं. भा. किंवा श्रीमती येतं. ज्या बाईवर आधीच दुःख कोसळलंय, तिला ते प्रत्येक पाकिटावर पुन्हा वाचावं लागतं. इंग्रजीत विधवा बाईही मिसेसच राहतात.

त्यात महानगरसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची आणखी एक पंचाईत. हिंदीत श्रीमती म्हणजे सरळ विवाहित स्त्री. शेजारच्या लग्नाची पत्रिका ‘श्रीमती एवं श्री’ अशी येते, ती मानानेच. पुण्याहून आलेल्या सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली, तर त्यांना हे समजावून सांगा.

गंमत म्हणजे मिस आणि मिसेस दोन्ही निघाले ‘मिस्ट्रेस’पासून, म्हणजे घरची मालकीण. अठराव्या शतकात प्रतिष्ठित अविवाहित बाईलाही मिसेस लावत. लग्नाचा शिक्का त्यावर नंतर बसला. पुरुषाचा मिस्टर लग्नाआधी आणि लग्नानंतर तोच. मग बाईनेच का सांगायचं? म्हणून ‘मिझ’. १९०१ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने तो सुचवला, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६० नंतर शीला मायकेल्स यांनी तो उचलून धरला आणि १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नावाचं मासिक काढलं.

तेव्हा परदेशातल्या अनोळखी बाईंना ईमेल लिहिताना मिझ आणि आडनाव लिहा. त्यांनी स्वतः मिसेस अशी सही केली असेल, तर मिसेस. डॉक्टर किंवा प्रोफेसर असतील तर ते आधी. आणि तुमच्या लेकीच्या प्रवेशअर्जात मिस, मिसेस, मिझ अशा चौकटी दिसल्या, तर मिझवर खुशाल टिचकी मारू द्या. त्यासाठी लग्न झालंय की नाही, हे तिला सांगावं लागत नाही.