कडेवर मूल, समोर नवे शहर

ताप, खोकला, लसीकरण आणि वजन या चार विषयांभोवती बालरोगतज्ज्ञाचा दिवस फिरतो, हे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. नांदेड, लातूर किंवा सोलापूरकडचे तरुण जोडपे असते. दोघेही संगणक क्षेत्रात, मूल दीड-दोन वर्षांचे. पत्नीला बंगळूरहून बोलावणे आलेले, पतीची पुण्याला बदली होण्याचा संभव, आणि हैदराबादेत दोघांपैकी एकाची नोकरी चालू. बाळाला तपासून झाले की वडील विचारतात, "मॅडम, लहान मुलाच्या दृष्टीने यांतले कोणते शहर चांगले?"

बहुतेकांनी घरी एक तक्ता तयार केलेला असतो. पगार, घरभाडे, हवामान, नामांकित शाळा, रुग्णालये. तक्ता चुकीचा नसतो, पण तो मोठ्या माणसांचा असतो. पाच वर्षांखालील मुलाचे शहर फार लहान असते. घर, जिना, खालचे अंगण, पाळणाघर, कोपऱ्यावरचा वाणी आणि जवळचा डॉक्टर, एवढीच त्याची हद्द. चारमिनार, शनिवारवाडा किंवा लालबाग यांपैकी काहीही त्याच्या रोजच्या जगण्यात येत नाही. म्हणून माझे उत्तर असे असते, की शहराची निवड नोकरीवरून करा, परंतु त्या शहरातील अर्ध्या मैलाची निवड मुलावरून करा. हे उत्तर देण्यामागची कारणे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

हवा आणि पाणी

पालकांचा पहिला प्रश्न हवेचा असतो, आणि तो योग्यच आहे. तान्हे मूल मिनिटाला तीस-चाळीस वेळा श्वास घेते, प्रौढ माणूस बारा ते वीस वेळा. फुप्फुसांतील बहुतांश वायुकोश जन्मानंतर तयार होतात. त्यामुळे धुळीचा परिणाम मुलावर अधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरविली. भारतीय मानक ४० मायक्रोग्रॅम आहे. पुणे, मुंबई, बंगळूर आणि हैदराबाद या चारही शहरांची हवा जागतिक मर्यादेच्या बरीच वर असते, तेव्हा शहराशहरांतील तुलनेवर रात्री जागवण्यात फारसा अर्थ नाही. त्याहून महत्त्वाचा फरक एकाच शहराच्या दोन भागांत आढळतो. हमरस्त्यावरील घर आणि त्याच रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत असलेले घर यांत वाहनांच्या धुराचे प्रमाण लक्षणीय बदलते. आपल्याकडे पटणचेरू किंवा जीडिमेटल्याच्या औद्योगिक वसाहतींलगत राहणे आणि उस्मानिया विद्यापीठाच्या झाडीलगत राहणे यांत जो फरक आहे, तो हैदराबाद आणि पुणे यांतील फरकाहून मोठा ठरू शकतो.

दम्याच्या मुलांविषयी येथेच सांगितले पाहिजे. दरवर्षी जूनमध्ये मृग नक्षत्राच्या सुमारास माशाच्या औषधासाठी महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे हैदराबादेस येतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मात्र चालू असलेले इनहेलर त्यासाठी बंद करू नये. त्याचप्रमाणे हवापालटाने दमा कायमचा जातो या समजुतीवर घरदार हलवू नये. नव्या गावाचे परागकण आणि नव्या घराची ओल त्रास द्यायला तेथेही तयारच असतात.

पाण्याविषयी मात्र हैदराबादेत घर घेणाऱ्याने काटेकोर असावे. शहराला कृष्णा, गोदावरी आणि मांजरा या नद्यांचे पाणी मिळते. तथापि पश्चिमेकडील नव्या वसाहतींत उन्हाळ्यात बोअरवेल आणि टँकर यांवर भिस्त असते. हा सारा प्रदेश ग्रॅनाइटच्या खडकाचा, त्यामुळे काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. शेजारच्या नलगोंडा जिल्ह्यातील अस्थिविकारांचा अभ्यास तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केला. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची जी पद्धत विकसित केली, तिला नलगोंड्याचेच नाव मिळाले. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. कायमच्या दातांचे कवच आठ वर्षांच्या आत घडते, म्हणजे डाग पडण्याचा काळही तोच. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. घर पाहायला जाताना पोहण्याचा तलाव जरूर पाहावा, पण पिण्याचे पाणी कोठून येते ते विचारून त्याची तपासणीही करून घ्यावी.

"इथली हवा मानवत नाही"

बदली होऊन आलेल्या कुटुंबांकडून हे वाक्य पहिल्या सहा महिन्यांत हमखास ऐकू येते. मुलाला सारखी सर्दी, दर पंधरवड्याला ताप. दोष शहराला दिला जातो आणि परत जाण्याचे बेत सुरू होतात. जरा खोलात विचारले की कळते, जुन्या गावी आजी सांभाळत होती आणि येथे आल्यावर मूल प्रथमच पाळणाघरात जाऊ लागले. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे बहुधा स्वाभाविकच असते. पुण्यास किंवा बंगळुरास गेल्यानेही ते टळले नसते. वजन वाढत असेल आणि दोन आजारांच्या मध्ये मूल खेळत असेल, तर थांबावे, मोजून पाहावे आणि शहराला वर्षभराची मुदत द्यावी.

याच काळात दोन-तीन वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला सोडत नाही, रात्री दचकून उठते. हा बदलाला दिलेला प्रतिसाद असतो. नव्या घरात पहिल्या दिवशी नवा पलंग, नव्या चादरी आणि नवी खेळणी मांडण्याची हौस आवरावी. जुनी गोधडी, जुना पेला आणि झोपण्याची जुनी वेळ सोबत आणावी. शक्य असल्यास घर बदलणे, पाळणाघर सुरू करणे आणि अंगावरचे दूध सोडविणे या तीन गोष्टी एकाच महिन्यात करू नयेत.

भाषेचा प्रश्न

आता कायद्याचीही एक बाजू आहे. तेलंगणाने २०१८ साली शाळांत तेलुगू अनिवार्य करणारा कायदा केला. कर्नाटकाने कन्नडसाठी २०१५ साली आणि महाराष्ट्राने मराठीसाठी २०२० साली तसे कायदे केले. म्हणजे तीनही शहरांत मुलाला स्थानिक भाषा शिकावीच लागणार. पहिलीच्या आत आलेले मूल ती खेळता खेळता उचलते, तर सातवी-आठवीत आलेल्याला लिपीपासून सुरुवात करावी लागते. स्थलांतर करायचेच असेल, तर लहानपणी केलेले बरे, असे मी म्हणते त्याचे हे एक कारण.

आपल्या हैदराबादेत "आजी, मला पालु पाहिजे" असे म्हणणारे मूल पाहून नवे पालक घाबरतात. चार भाषांच्या गर्दीत मुलाचे बोलणे लांबेल, म्हणून घरी मराठी बंद करून इंग्रजीच बोलावे, असा सल्लाही त्यांना कोणी तरी दिलेला असतो. अनेक भाषा कानांवर पडल्याने वाचादोष निर्माण होत नाही, हे आपण डॉक्टरांनी ठामपणे सांगितले पाहिजे. बोलणे लांबले, तर प्रथम श्रवणाची तपासणी करावी आणि मग मुलाशी दिवसभरात कोण बोलते याची चौकशी करावी.

असे एक अडीच वर्षांचे मूल माझ्याकडे आले होते. कान उत्तम. घर शहराच्या पश्चिमेस, पंधराव्या मजल्यावर, खाली सुंदर बाग. आईवडील सायंकाळी सात वाजता परतत. सांभाळणारी बाई मायाळू पण अबोल, आणि उरलेला वेळ मोबाइलचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, अपवाद केवळ आप्तांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ संभाषणाचा. पुढे पाच वर्षांपर्यंत तासाभराची कमाल मर्यादा. या मुलाच्या वाट्याला रोज चार तास येत होते. त्याची मामी बरकतपुऱ्यात राहत होती. आईवडिलांनी बराच विचार करून मामीच्या शेजारच्या इमारतीत लहान घर घेतले. दोघांचा रोजचा प्रवास तासाभराने वाढला, बाग गेली. दुपारी मामी, तिची दोन मुले आणि जिन्यावरच्या आजी यांच्यात ते मूल वाढू लागले. वाणीचे उपचारही चालू ठेवले. वर्षभराने ते बोलू लागले. त्यात वाढत्या वयाचा वाटा आहेच, परंतु त्याच्याशी बोलणारी माणसे एकाची पाच झाली होती, हेही तितकेच खरे.

१९५६ चा धडा

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन राज्यांत विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतील मराठी घराघरांत त्या वर्षी एकच चर्चा होती: औरंगाबादेस जावे की येथेच राहावे? माझे थोरले चुलत आजोबा महसूल खात्यात होते, ते गेले. माझे आजोबा एका खासगी पेढीवर हिशेबनीस होते. वडील तेव्हा आठ वर्षांचे आणि आत्या तीन वर्षांची, वारंवार छाती भरणारी.

आजोबांनी राहण्याचे ठरविले. त्यामागची कारणे ते पुढे सांगत, ती मोठी नव्हती. जांबबागेतील विवेकवर्धिनी शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती. रात्री हाक मारली तर येणारे डॉक्टर ओळखीचे होते. आत्या आजारी पडली की शेजारच्या काकू वडिलांना जेवू घालीत. चुलत आजोबांनाही औरंगाबादेत भाषा आणि राज्य आपले मिळाले आणि त्यांच्या मुलांचे चांगले झाले. दोघांपैकी कोणाचाही निर्णय चुकला असे आमच्या घरात कोणी मानीत नाही. एकाने नोकरीमागे जाऊन नवा शेजार जोडला, दुसऱ्याने जुना राखला. मुले दोन्हीकडे शेजारावरच वाढली.

जेव्हा शहरच निर्णायक ठरते

माझ्या अर्ध्या मैलाच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. मुलाला दीर्घकालीन आजार किंवा विकलांगता असेल, तर शहराची निवड हा उपचाराचाच भाग होतो. थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. हैदराबादेत १९९८ पासून थॅलेसेमिया अँड सिकल सेल सोसायटी हे कार्य करीत आहे. बौद्धिक विकलांगतेसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून सिकंदराबादेस आहे. डोळ्यांच्या गुंतागुंतीच्या विकारांसाठी १९८७ साली सुरू झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. श्रवणदोषासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला, तर तिचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादेत. अशा कुटुंबांनी पगाराचा आकडा दुय्यम मानून केंद्राच्या जवळ घर घ्यावे. महिन्यातून दोनदा रात्रीची गाडी पकडणारे मूल शाळेस मुकते आणि आई नोकरीस.

निघण्यापूर्वी

व्यवहाराच्या चार गोष्टी. राष्ट्रीय लसीकरणाचे वेळापत्रक देशभर सारखेच आहे: ६, १० व १४ आठवडे, गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. गाव बदलले म्हणून डोस नव्याने सुरू करावे लागत नाहीत, राहिलेला पुढे द्यायचा असतो. लसीकरणाचे कार्ड आणि वजन-उंचीची नोंद सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो, तो जुन्या गावीच नावासह पूर्ण करून घ्यावा. घर ठरविण्यापूर्वी एकदा सायंकाळी सहाच्या गर्दीत तेथून जवळच्या बालरुग्णालयापर्यंत जाऊन पाहावे. आणि आजी-आजोबा येणार असतील, तर त्यांना जिना चढता येईल का, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी खाली भेटेल का, हेही पाहावे. आजी कंटाळून दोन महिन्यांत गावी परतली, तर सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

शेवटी आपल्याविषयी. जुने मराठी हैदराबाद काचीगुडा-नारायणगुड्याच्या आसपास आणि नवे मराठी हैदराबाद गच्चीबावली, कोंडापूर, मियापूरकडे, अशी वीस किलोमीटरांची दरी पडली आहे. २०१९ साली मेट्रो रायदुर्गपर्यंत पोहोचली, आपले कार्यक्रम मात्र अजून बहुतांशी अलीकडेच होतात. आपल्या डॉक्टर मंडळींनी महिन्यातून एक रविवार त्या बाजूस द्यावा असे मला मनापासून वाटते. लसीकरणाविषयी शंकानिरसन, एखादी गोष्टींची दुपार, आणि निवृत्त झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची त्या मुलांशी ओळख, एवढ्याने प्रारंभ होईल. त्या मुलांना मराठी बोलणारे आजोबा हवे आहेत आणि आपल्या कित्येक घरांत नातवंडे परदेशी असलेले आजोबा दुपारभर वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत.