पासष्ट अंश नक्की कशाचे?

२९ एप्रिल २०२२. सकाळी साडेदहाच्या सुमारास सेंटिनेल-३ उपग्रह पश्चिम भारतावरून गेला. त्याने पाठवलेल्या माहितीवरून काढलेल्या नकाशात अहमदाबादच्या आग्नेयेला आणि नैर्ऋत्येला ६५ अंश सेल्सिअसच्या घरातले आकडे होते. समाजमाध्यमांवर ते हवेचे तापमान म्हणून फिरू लागले. होते ते उघड्या रानाच्या मातीचे. हवामान खाते सावलीत, जमिनीपासून काही फूट उंचीवर हवेचे तापमान मोजते. उपग्रहाला मात्र मातीचा नुसता वरचा पापुद्रा दिसतो.

हा गोंधळ निस्तरायला सोपा. खरी गुंतागुंत पुढे आहे. उपग्रह तापमान मोजतच नाही. जमिनीतून निघालेले अवरक्त प्रारण तो मोजतो आणि ते किती निघेल हे दोन गोष्टींवर ठरते: पृष्ठभाग किती तापला आहे आणि त्याची उत्सर्जनक्षमता किती आहे. आदर्श कृष्णवस्तूची उत्सर्जनक्षमता १ धरतात. पाणी आणि दाट हिरवाई त्याच्या अगदी जवळ, ०.९८ च्या आसपास. गारगोटीची वाळू मात्र ८ ते ९ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात ०.७ च्याही आसपास उतरते. ११ मायक्रॉनजवळ उत्सर्जनक्षमता नुसती ०.०१ ने चुकली, तरी उत्तर अर्ध्या-पाऊण अंशाने हलते.

त्यातून गणित मुळातच अडलेले. टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर उपकरणाला पाच औष्णिक पट्टे होते. म्हणजे मोजमापे पाच आणि अज्ञाते सहा: पाच उत्सर्जनक्षमता, एक तापमान. समीकरणे वाढवायला आणखी पट्टे घ्यावेत, तर प्रत्येक पट्टा स्वतःचे नवे अज्ञात घेऊन येतो! १९९८ मध्ये गिलेस्पी आणि सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. खडक-मातीच्या नमुन्यांत त्यांना एक संबंध आढळला होता: पट्ट्यापट्ट्यांतली तफावत जितकी जास्त, तितकी सर्वांत कमी उत्सर्जनक्षमता खाली. हा संबंध सहावे समीकरण झाला. त्याला निसर्गनियम म्हणता येणार नाही, अनुभवातून बसवलेली रेषा आहे ती, पण चालते. मोडिस उपकरणाची मुख्य पद्धत वेगळी. ११ आणि १२ मायक्रॉनच्या शेजारच्या पट्ट्यांत हवेतले बाष्प कमी-जास्त प्रारण शोषते. त्या फरकावरून वातावरणाचा अडथळा वजा होतो, पण उत्सर्जनक्षमता जमिनीच्या प्रकारावरून आधीच गृहीत धरावी लागते.

म्हणूनच उष्णतेचे विक्रम मी जरा हात राखून वाचतो. इराणच्या लूत वाळवंटाचा २००५ मधला ७०.७ अंशांचा आकडा अनेक वर्षे मिरवला गेला. २०२१ मध्ये मोडिसच्याच सुधारित माहितीवरून ८०.८ अंश जाहीर झाले. दहा अंशांची ही उडी सगळी वाळवंटाच्याच पदरात घालता येत नाही. मधल्या काळात आकडेमोडही बदलली होती.

आपल्याकडच्या शहरांचे उष्णतेचे नकाशे बहुधा लँडसॅट उपग्रहावरून निघतात. त्याच्या तयार तापमान-माहितीत उत्सर्जनक्षमता येते ती ॲस्टरच्या २००० ते २००८ मधल्या निरीक्षणांच्या सरासरीवरून. हिरवाईतला बदल त्यात जमेस धरतात. पण त्यानंतर माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली असेल, तर? नव्या चकचकीत पत्र्याची उत्सर्जनक्षमता मातीपेक्षा फारच कमी असते. पत्रा चटका देण्याइतका तापलेला असला, तरी मोठी शेड नकाशावर गार दिसू शकते. त्याच पत्र्याला रंग दिला, की ती उत्सर्जनक्षमता ०.९ च्या आसपास जाते.