ऊनपावसांत ठेविलेली डबी

ज्या घरांतील मुलें व नातवंडें अमेरिकेंत किंवा युरोपांत असतात, त्या घरीं 'जिओकॅशिंग' नांवाच्या खेळाचा उल्लेख अलीकडे कानांवर येऊं लागला आहे. ग्रीक भाषेंतील पृथ्वीवाचक शब्द आणि 'लपविणें' या अर्थाचा फ्रेंच धातु यांच्या संयोगानें हें नांव सिद्ध झालें आहे. एकानें रानांत किंवा डोंगरावर एक डबी लपवावी व तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करावे. इतरांनीं उपग्रहांच्या साह्यानें स्थान दाखविणाऱ्या यंत्रावरून ती शोधावी, आंतील वहींत आपलें नांव व तारीख लिहावी आणि डबी होती तशी परत ठेवावी, असा हा खेळ आहे. खेळाची मौज शोधण्यांत असली, तरी त्याची सारी भिस्त त्या वहीवर आहे. वही भिजून तिचा लगदा झाला, कीं शोधणाऱ्याचे श्रम व्यर्थ जातात आणि पूर्वीं येऊन गेलेल्यांच्या हातचीं अक्षरेंहि कायमचीं नाहींशीं होतात. म्हणून डबी ऊनपावसांत कशी टिकवावी, याचा थोडा विचार करूं.

नागरी उपयोगाच्या उपग्रहसंकेतांत मुद्दाम ठेविलेली अचूकतेची उणीव अमेरिकन सरकारनें २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं काढून टाकली. लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर या गृहस्थांनीं ऑरेगन राज्यांतील बीव्हरक्रीकजवळ पांच गॅलन मापाची एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेविली. तींत वही-पेन्सिल होती, आणि इतर वस्तूंबरोबर शिजविलेल्या कडधान्याचा एक बंद डबाहि होता. आज या खेळाच्या नियमांनीं जमीन खणून डबी पुरण्यास मनाई आहे, आणि खाण्याची वस्तु ठेवण्यासहि मनाई आहे. वासानें जनावर येतें आणि डबी फोडतें. मग झाकण कितीहि चांगलें असो, त्याचा उपयोग नाहीं.

पाणी आंत शिरतें तें पावसाच्या माऱ्यामुळें, असा सामान्य समज आहे. खरें कारण पुष्कळदां निराळें असतें. उन्हानें डबी तापली, कीं आंतील हवा फुगून तिचा कांहीं भाग झाकणाच्या फटींतून बाहेर पडतो. पुढें ढग येऊन पावसाची सर आली, म्हणजे डबी एकाएकीं थंड होते व आंतील हवा आकसते. ५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेली डबी २० अंशांवर आली, तर आंतील दाब सुमारें ९ टक्क्यांनीं उतरतो. ९० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा जितका भार, तितक्या जोरानें बाहेरची हवा आंत येऊं पाहते, आणि फटीवर पाणी साचलेलें असल्यास तेंच आंत ओढलें जातें. अशा रीतीनें डबी रोज श्वासोच्छ्वास करीत असते.

यावरून डबी कशी निवडावी हें सहज कळेल. भिंती किती जाड आहेत यापेक्षां झाकण कसें बसतें हें पाहावें. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या लहान डब्या पूर्वीं फार वापरीत. त्यांचें झाकण केवळ दाबून बसविलेलें असल्यामुळें त्यांतील कागद लवकर ओला होतो. अमेरिकन सैन्यांतील काडतुसांच्या जुन्या लोखंडी पेट्या फार नांवाजल्या जातात, कारण कुकरच्या झाकणांत असते तशी रबराची रिंग त्यांच्या झाकणांत असून खटका तें झाकण घट्ट दाबून धरितो. चारहि बाजूंनीं खटके असलेला, सिलिकोनची रिंग बसविलेला प्लॅस्टिकचा डबाहि चांगला. मात्र उन्हानें प्लॅस्टिक ठिसूळ होतें, म्हणून तो सावलींत ठेवावा. दुकानांतील 'जलरोधक' या शब्दावर फार विसंबूं नये. 'आयपी ६७' या प्रतीच्या कसोटींत वस्तु एक मीटर पाण्याखालीं अर्धा तास ठेवितात. रानांतील डबीला वर्षेंच्या वर्षें काढावयाचीं असतात.

जागेची निवडहि तितकीच महत्त्वाची आहे. पाणी तुंबेल अशा खळग्यांत डबी ठेवूं नये. खडकाच्या पुढें आलेल्या कडेखालीं किंवा झाडाच्या ढोलींत उंचावर ठेवावी. लहान नळीसारखी डबी टांगावयाची असल्यास तिचें तोंड खालीं करावें, म्हणजे फटीवर पाणी साचत नाहीं.

आंतील वही दोन लहान प्लॅस्टिक पिशव्यांत बंद करावी व जवळ सिलिका जेलची पुडी ठेवावी. ती ओलावा शोषून घेते, पण कांहीं काळानें तिची शक्ति संपते, म्हणून ती बदलीत जावी. लिहिण्यास शाईपेक्षां पेन्सिल बरी. पेन्सिलीचें शिसें पाण्यांत विरघळत नाहीं. पावसांतहि लिहितां यावें असा कागद वॉशिंग्टन राज्यांतील टकोमा येथें जेरी डार्लिंग यांनीं १९१६ सालीं लाकूडतोडीच्या धंद्यांतील लोकांसाठीं काढिला. तोच या वह्यांसाठीं आज अनेकजण वापरितात.

एवढी व्यवस्था करूनहि डबी बिघडते, ती बहुधा शेवटच्या हातामुळें. रिंगेंत वाळूचा कण अडकला, पिशवीची कड झाकणाखालीं चिमटली, किंवा भर पावसांत ओल्या हातांनीं वही उघडली, कीं झालें. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घालूं नये हें आपल्या घरांतील लहान मुलासहि ठाऊक असतें. नियम तोच आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराच्या अठरा पदांत 'निक्षेप' म्हणजे ठेव हें एक पद सांगितलें आहे, आणि बंद पेटींत मोहोर करून सोंपविलेल्या ठेवीस 'उपनिधि' असें निराळें नांव दिलें आहे. रानांतील ही डबीहि अशीच ठेव आहे. फरक इतकाच कीं ती अनोळखी माणसांच्या हातीं सोंपविलेली असते, आणि ती उघडणारा प्रत्येकजण तेवढ्या घटकेपुरता तिचा रक्षक असतो. त्यानें रिंग पुसून, खटका नीट बसला हें पाहूनच पुढें जावें. डबी ठेवणारानें पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां जाऊन तिची विचारपूस करावी. आणि इतकें जाणें ज्यास शक्य नाहीं, त्यानें ती उचलून घरीं आणावी, हें उत्तम.